यंदाची सासू

हिवाळा सरला की आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर एकच वाद चालतो: यंदा आई कोण आणि सासू कोण. मी नवी नवरी होते तेव्हा तो पहिल्यांदा ऐकला. सासूबाई समोर बसून मुकाट्याने जेवत होत्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "गेल्या वर्षीची सासू फार तापट निघाली. यंदा बदलून टाकू." माझ्या हातातला चमचा ताटात पडला. सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "माश्यांचं बोलताहेत. माझी बदली अजून झालेली नाही."

आम्ही राणीमाश्या तयार करतो. मध निघतो तोही विकतो, पण आमचं नाव आहे ते राण्यांसाठी. ज्यांच्याकडे मधपेट्या आहेत ते लोक, त्यांची राणी म्हातारी झाली की, आमच्याकडून नवी नेतात. ज्या राणीच्या एक दिवसाच्या अळ्या बारीक सुईने उचलून मी नव्या राण्या वाढवते, ती आमच्या बोलीत आई. आणि जिच्या पेटीत आम्ही नर वाढू देतो ती सासू, कारण नव्या राण्यांची लग्नं तिच्या मुलांशी लागायची असतात. लग्न हवेत लागतं, तेही एका नराशी नाही, दहा-पंधरा नरांशी, आणि तेवढ्या शिदोरीवर राणी जन्मभर अंडी घालते. बाकी आमचंही इतर लग्नघरांसारखंच. सगळ्यांचं लक्ष मुलीकडे, आणि घोळ होतो सासूच्या निवडीत.

आमची दरी तीन बाजूंनी उघड्याबोडक्या कड्यांनी बंद आहे. त्या कड्यांवरून इकडची माशी तिकडे जात नाही आणि तिकडची इकडे येत नाही. चौथ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यावर बाबांनी बसवलेलं लोखंडी फाटक. फाटकावर पाटी आहे: 'परक्या माश्या आत आणू नयेत.' एकदा सामान घेऊन आलेल्या ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं होतं, की गाडीत दोन घरमाश्या शिरल्या आहेत, त्यांचं काय करू. बाबा हसले नाहीत. या पाटीवर हसलेलं त्यांना चालत नाही.

आमच्या माश्या म्हणजे अगदी गरीब गाय. बाबा उघड्या डोक्याने, उघड्या हाताने पेटी उघडतात आणि माश्या त्यांच्या बोटांवरून अशा चालतात, जशा स्वतःच्या अंगणात. घरात जाळीची टोपी एकच, ती माझी. पहिलं वर्ष वापरली आणि मग खुंटीला टांगली ती टांगलीच.

हा गरीबपणा आभाळातून पडलेला नाही. पूर्वी हा धंदा बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, मिळून करायचे. काकांच्या पेट्या ओढ्यापलीकडे होत्या, काळ्या, चिडक्या माश्यांच्या. आमचे हे तेव्हा आठ वर्षांचे. खेळता खेळता तिकडे गेले आणि एक माशी मानेला चावली. एकच. थोड्या वेळात तोंड सुजलं, ओठ निळे पडले, श्वास अडकला. योगायोगाने डॉक्टर रस्त्यातच भेटला म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात बाबा भावाला म्हणाले, "दरीत एक तर तुझ्या माश्या राहतील, नाहीतर माझा मुलगा." काका पेट्या उचलून कड्यापलीकडे गेले. बाबांनी फाटक बसवलं आणि कामाला लागले. जिची पोरं चिडकी, ती राणी चिरडायची. जिची शांत, ती पुढच्या वर्षी आई, आणि तिची बहीण सासू. पस्तीस वर्षं हेच. मुलाला उघड्या डोक्याने फिरता येईल अशी एक दरी त्यांना हवी होती, आणि ती त्यांनी करून दाखवली. मी आले तेव्हा ती तयारच होती.

तरी ह्यांनी माश्यांना कधी हात लावला नाही, म्हणजे लावू दिला गेला नाही. शाळेतली पोरं ह्यांना 'काचेचा' म्हणायची, जुने मित्र अजून म्हणतात. ह्यांच्याकडे गाडी, गिऱ्हाइकांचे फोन आणि बरण्या. खिशात कायम इंजेक्शनचं पेन, माशी चावलीच तर लगेच मांडीत टोचायचं, आणि तसंच दुसरं माझ्या एप्रनच्या खिशात. महिन्यातून एकदा हे शहरात बरण्या आणायला जातात. बरण्यांचा ह्यांना भारी सोस. मागची खोली रिकाम्या बरण्यांनी छतापर्यंत भरली, मग जिन्याखाली रचल्या, मग आमच्या खाटेखाली. मध वर्षागणिक कमी आणि बरण्या वर्षागणिक जास्त. मी म्हणायची, "अहो, घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा, असं चाललंय तुमचं." हे नुसते हसायचे. बाबा म्हणायचे, "त्याला हिशेब जमत नाही, जाऊ दे."

भोकं दिसायला लागली त्याला आता तीन-चार वर्षं झाली.

पेटीतली चौकट उचलली की पिल्लांचा भाग सलग दिसायला हवा. प्रत्येक घरात एक पिल्लू, वर मेणाचं झाकण, मध्ये कुठे खंड नाही. आमच्या चौकटी म्हाताऱ्याच्या बत्तिशीसारख्या दिसू लागल्या. दोन भरलेली, एक रिकामं. तीन भरलेली, दोन रिकामी. पिल्लं कमी म्हणजे माश्या कमी, आणि माश्या कमी असल्या की हिवाळ्यात पेटीत ऊब धरत नाही. गेल्या हिवाळ्यात निम्म्या पेट्या गेल्या. झाकण उघडलं की तळाशी मूठभर मेलेल्या माश्यांचा ढीग.

बाबा म्हणाले थंडीने झालं, म्हणून आम्ही पेट्यांना गोणपाट गुंडाळलं. मग म्हणाले मेण जुनं झालंय, म्हणून सगळ्या चौकटी वितळवून नव्या केल्या. मग साखरेचं पाणी पाजलं. मग म्हणाले, "तुझा चष्मा बदल, अळी उचलताना दुखावतेस तू." मी चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून भोकं आणखी स्वच्छ दिसली. दरवर्षी बाबा सगळ्यात वाईट राण्या काढून टाकत आणि त्यातल्या त्यात बऱ्या राणीच्या मुली सगळ्या पेट्यांत घालत. यात चूक आहे असं मलाही वाटलं नाही. कुणालाही हेच सुचलं असतं. पण पुढच्या वर्षी भोकं वाढलेली.

मी दमले होते. सरळच सांगते. सकाळी पाठ धरलेली, डोळ्यांत आग, आणि जे करतोय त्याचा उपयोग नाही हे माहीत असून पुन्हा तेच करायचं. सासूबाई गेल्या, मग बाबांचे हात थरथरायला लागले, आणि तेव्हापासून सुईचं सगळं काम माझ्यावर आलं होतं. राणी वाढवायची, तिला वऱ्हाड द्यायचं, पेटीत बसवायची, आणि तिची अर्धीअधिक पोरं अशी नाहीशी व्हायची. कुठे जात होती तेही कळत नव्हतं.

यंदा मात्र मी एका चौकटीवर पाळत ठेवली. राणीने अंडी घातली तेव्हा एकही घर रिकामं नव्हतं. म्हणजे राणीची चूक नाही. अंडी फुटून अळ्या झाल्या त्या दिवशी भोकं पडली. अळ्यांना भरवणाऱ्या दाया-माश्या फिरत होत्या, एका घरात डोकं घालायच्या, पुढे जायच्या. मधूनच एखादी थांबायची आणि डोकं बाहेर काढायची तेव्हा ते घर रिकामं. त्या अळ्या खात होत्या. आपल्याच.

ती चौकट कापडात गुंडाळून मी बरण्यांच्या दिवशी ह्यांच्या गाडीत बसले. ह्यांनी मला तपासणी केंद्राच्या दारात सोडलं आणि "मी बरण्या घेऊन येतो" म्हणून निघून गेले.

केंद्रातली डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची, माझ्याइतकीच दमलेली. सूक्ष्मदर्शकाशेजारी तिचा डबा अर्धवट खाल्लेला पडला होता. तिने चौकट उलटसुलट पाहिली, चार घरं कोरली, काचेखाली धरली.

"रोग नाही," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. "रोग असता तर बरं झालं असतं. औषध तरी देता आलं असतं." तो पुन्हा भांड्याबाहेर आला.

तिने भिंतीवरच्या फळ्यातून रंगीत टाचण्या उपटल्या आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. "असं समजा, प्रत्येक अंड्यात दोन टाचण्या असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन वेगवेगळ्या रंगांच्या आल्या तर मुलगी होते, कामकरी माशी. दोन्ही एकाच रंगाच्या आल्या तर मुलगी होत नाही, धड मुलगाही होत नाही. एक निकामी नर होतो. दायांना ते वासाने कळतं आणि त्या त्याला खाऊन टाकतात. ते तुमचं भोक."

"आणि खरे नर?"

"ते न फळलेल्या अंड्यातून येतात. त्यांना बापच नसतो. टाचणी एकच, म्हणून कटकट नाही."

मी टाचण्यांकडे पाहत राहिले. तिने लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या अशा बऱ्याच एकत्र केल्या. "मोठ्या, मोकळ्या वस्तीत असे पुष्कळ रंग असतात. आणि ते आपोआप टिकतात. एखादा रंग फार झाला, की तो पुन्हा पुन्हा स्वतःलाच भेटतो आणि मार खातो. एखादा दुर्मीळ झाला, की त्याला जोडीदार नेहमी वेगळ्याच रंगाचा मिळतो, म्हणून तो वाढतो. वर गेलेला खाली येतो, खाली गेलेला वर येतो, आणि सगळे जवळजवळ सारख्या वाटणीने नांदतात. तोल सांभाळायला कुणी लागत नाही."

"आणि कुणी सांभाळायला गेलं तर?"

तिने एकेक रंग उचलून डब्यात टाकला. शेवटी टेबलावर तीन उरले. "भोकांवरून अंदाज बांधला, तर तुमच्याकडे एवढेच असतील. फार तर चार."

"पण आम्ही दरवर्षी सासू बदलतो," मी म्हणाले. मग सासू म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं.

"नवी सासू आणता कुठून?"

"घरातूनच."

"म्हणजे आई आणि सासू बहिणी."

"बहिणी. कधी कधी मायलेकी."

ती हसली नाही. मीही नाही. पस्तीस वर्षं आम्ही नावं बदलत होतो, आणि घर एकच होतं.

"बाहेरची सासू आणा," ती म्हणाली. "पण या भागात कुणाकडूनही आणलीत तरी ती तुमचीच नात निघणार. सगळेच तुमच्याकडून राण्या नेतात. फार लांबून आणायला परवानगी नाही, सोबत रोग येतात. ज्याने तुमची राणी कधीच नेली नाही, असा कुणी आहे का जवळपास?"

असा एकच होता. कड्यापलीकडे.

"आमच्या माश्यांचा शांतपणा राहील का?"

"पहिली काही वर्षं नाही. पुढे पुन्हा निवडत जा. पण मूठ जरा सैल ठेवून."

हे मला न्यायला आले तेव्हा डावा दंड चोळत होते. मी विचारलं तर म्हणाले, "बरण्या जड होत्या." परतीच्या वाटेवर मी त्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत गाडी चालवत राहिले.

बाबांना मी त्याच दिवशी जेवताना सांगितलं. टाचण्या नव्हत्या म्हणून टेबलावर बरण्यांची झाकणं मांडली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. ते अडाणी नाहीत, त्यांना पहिल्याच झटक्यात कळलं. कळलं म्हणूनच चिडले.

"त्याच्याकडे काय आहे? धुराड्यातून काढलेल्या, भिंतीतून खरवडलेल्या, झाडाच्या ढोलीतल्या. एकीचा पत्ता दुसरीला नाही. नुसती भेसळ!"

"तीच भेसळ हवीय, बाबा."

"त्या चावतात."

"हो."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच पुन्हा खाली ठेवला. "मेल्या माश्या तर मेल्या. सगळ्या मेल्या तरी चालतील. मुलगा मला एकच आहे."

तो त्यांचा मुलगा होता, तसा माझा नवरा होता. मला माश्याही हव्या होत्या आणि हेही हवे होते, आणि दोन्ही मिळणार नाहीत एवढं कळण्याइतकी मी मोठी आहे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं, ताटावर बसल्या बसल्या.

"मला कुणी विचारणार आहे का?" हे म्हणाले.

"नाही," बाबा आणि मी एकदमच म्हणालो.

वसंत पुढे सरकला. मी राण्या वाढवत राहिले, कारण दुसरं काही येत नाही. एक जुनं गिऱ्हाईक त्याने नेलेल्या सगळ्या राण्या छोट्या पिंजऱ्यांत घालून परत घेऊन आलं. भला माणूस, आवाजही चढवला नाही. बाबांना म्हणाला, "माश्या तुमच्या अजूनही गुणी आहेत हो. फक्त आहेतच कुठे?" तो गेल्यावर बाबा ओसरीवर बसून राहिले. परत आलेल्या राण्या पिंजऱ्यात फिरत होत्या. त्या चिरडून टाकायच्या की ठेवायच्या हे मी विचारलं, तर म्हणाले, "तुला हवं ते कर." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गाडी दारात लावली. "चल. काकांकडे जायचंय."

"मी जाते. तुम्ही घरी थांबा."

"तुला गाडी चालवता येत नाही."

"शिकेन."

"आज?"

मी भांडले, रडले, एप्रनमधलं पेन काढून त्यांच्या नाकासमोर नाचवलं. त्यांनी शांतपणे शेजारचं दार उघडून धरलं. या माणसाला मी कधी हट्ट करताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे हट्टाला उत्तर काय द्यायचं तेही ठाऊक नव्हतं. खुंटीवरची टोपी मी त्यांच्यासाठी घेतली. ती त्यांनी मागच्या सीटवर टाकली.

काकांचं आवार म्हणजे जुन्या बाजारासारखं. पेट्या एकीसारखी एक नाही. एक कपाटाच्या खणांची, एक ट्रंकेची, एक पोकळ ओंडक्याची. वर काळ्या, पिवळ्या, करड्या माश्यांचा नुसता गलका. मी उतरले आणि पाऊल टाकलं तोच एक मनगटाला चावली. किती वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं. आणि एक उघडी चौकट झाडाला टेकवलेली दिसली, ती पाहून आणखी आलं. सलग होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकही भोक नाही. ज्यांना आम्ही जीव टाकून सांभाळलं त्यांचं ते तसं, आणि इथे ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही त्यांचं हे असं. मला काकांचा रागच आला.

काका बाहेर आले, वाळलेले, बाबांचाच चेहरा जरा लहान मापात. गाडीत ह्यांना पाहिलं आणि ओरडले, "उतरू नको! काच वर घे! अरे, काच वर घे आधी!" मग माझ्याकडे वळून, आवाज पाडून म्हणाले, "तो मला अजून त्याच दिवशीचा दिसतो गं. निळा पडलेला."

आम्हाला काय हवंय ते मी त्यांना सांगितलं.

"भावाला विचारलंत?"

"नाही."

"बरं केलंत. विचारलं असतंत तर नाही म्हणाला असता, आणि ते मला पुन्हा ऐकावं लागलं असतं." त्यांनी नरांनी गच्च भरलेली एक पेटी निवडली, तोंडाला जाळी ठोकली, दोरीने आवळली आणि स्वतः गाडीत मागे ठेवली. "कसा आहे तो?"

"दमलेत."

"मीपण," काका म्हणाले, आणि मागे न बघता पेट्यांकडे निघून गेले.

परतलो तेव्हा फाटक बंद होतं. आतून साखळी, आणि साखळीमागे बाबा. कुणी सांगितलं नव्हतं, पण एवढ्या सकाळी गाडी कुठे गेली हे ओळखायला त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गाडीच्या मागून येणारी गुणगुण त्यांना माझ्याआधी ऐकू आली असणार. आमच्या माश्यांपेक्षा तो सूर वेगळा होता.

"उघडा, बाबा," हे म्हणाले.

"परत नेऊन दे."

"नाही."

"मी मेल्यावर काय आणायचं ते आण. मी असेपर्यंत नाही."

हे गाडीच्या मागे गेले. फाटकाशेजारी माणूस जाईल एवढी फट आहे. तिथून पेटी आत न्यायचा त्यांचा विचार होता. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पेटी उचलली. मी टोपी घेऊन धावले. पेटीचा कोपरा गाडीला घासला, जाळीचा एक खिळा सुटला आणि सात-आठ काळ्या माश्या बाहेर आल्या. त्यातली एक ह्यांच्या मानेवर बसली. मी ती बसताना पाहिली. चावताना पाहिली.

बाबा ओरडले तो आवाज मला आयुष्यभर विसरता येणार नाही. मी टोपी टाकली, पेन काढलं, टोपण दातांनी उपटलं, आणि ह्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब."

"सोडा! अहो, सोडा!"

"काही होणार नाही. दोन मिनिटं थांब. मग वाटलं तर दे."

बाबा साखळी काढून कधी बाहेर आले मला कळलं नाही. त्यांनी मुलाची मान वाकवली. माशीचा काटा चिमटीत धरायचा नसतो, धरला तर उरलेलं विषही आत जातं. नखाने खरवडून काढायचा असतो. त्यांच्या हाताला एवढा कंप, की नख दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा काटा निघाला.

"श्वास घे."

"घेतोय."

"मोठा घे."

"बाबा, मी घेतोय श्वास."

आम्ही दोघं ह्यांच्या ओठांकडे पाहत उभे राहिलो. मानेवर एक गांधी उठली, रुपयाएवढी. तिथेच थांबली. ओठ होते तसेच राहिले. पेनाचं टोपण अजून माझ्या दातांतच होतं.

"शहरात उपचार करतात," हे म्हणाले. "माशीचंच विष, आधी अगदी कणभर टोचतात, मग वाढवत नेतात. मग महिन्याला एक, शरीराने विसरू नये म्हणून."

"महिन्याला एक," मी म्हणाले. "बरण्या!"

"बरण्या," हे म्हणाले.

मला हसूही आलं आणि त्यांच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. इतकी वर्षं मी रात्री कूस बदलताना उशाशी पेन आहे ना हे चाचपत होते, आणि खाटेखाली त्या बरण्या. "मला तरी सांगायचं!"

"तू बाबांना सांगितलं असतंस."

सांगितलं असतं. त्याच दिवशी.

बाबा बोटावरच्या काट्याकडे पाहत होते. "कधीपासून?"

"नऊ वर्षं. गुण येईल का ते माहीत नव्हतं, म्हणून आधी बोललो नाही. आला, डॉक्टर म्हणाले आता भीती नाही, तेव्हा आई जाऊन महिनाही झाला नव्हता. मी सांगायलाच आलो होतो. तुम्ही पेट्यांपाशी बसला होतात. म्हणालात, बाकी काही नाही जमलं, पण तुझ्यासाठी एवढं तरी जमलं मला." ह्यांनी मान चोळली. "मग कसं सांगणार होतो?"

माश्या पेटीभोवती घिरट्या घालत होत्या. बाबांनी खाली, दरीकडे पाहिलं. आमच्या पेट्या इथून दिसतात, निम्म्या रिकाम्या, झाकणं काढून उन्हात ठेवलेल्या.

"तुझी आई गेली तेव्हा एकही भोक नव्हतं," ते म्हणाले. रागाने नाही. एखादा जुना पत्ता आठवावा तसं. "तेव्हाच भावाला परत बोलावता आलं असतं."

बापाने मुलासाठी दार बंद ठेवलं, आणि ते आता उघडता येतं हे मुलाने बापासाठी सांगितलं नाही. माझा दोघांवरही राग होता आणि दोघांचीही कीव येत होती, आणि दोन्ही करण्याइतकं माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

बाबा फाटकाकडे गेले. एक दार ढकललं, मग दुसरं. दुसरं कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं, त्याला ह्यांनी खांदा लावला. मग बाबांनी वाकून पेटीची एक बाजू धरली. लगेच एक माशी त्यांच्या हातावर चावली. त्यांनी हात मागे घेतला नाही, नुसता पाहिला.

"धर रे दुसरीकडून," ते ह्यांना म्हणाले. "ओढ्यापलीकडे ठेवू. त्याची जागा तीच होती." आणि मग माझ्याकडे वळून, "अगं, ती तुझी टोपी दे मला. यांना मी ओळखत नाही."

टोपी रस्त्यात पडली होती. मी ती उचलली, धूळ झटकली आणि त्यांच्या डोक्यावर घातली.